कासवाच्या सोयीसाठी

विहिरीवर मोटर बसली त्या दिवशी कासव घरात आलं.

हे वाक्य मी पुष्कळदा लिहून खोडलं. त्याच्या आधी काहीतरी असायला हवं असं वाटायचं. पण त्याच्या आधी जे होतं ते सगळं त्याच दिवशी संपलं, म्हणून तेच पहिलं राहू दिलं.

दादाच्या तेराव्याला जमलेली मंडळी त्याच्याबद्दल बोलत होती, तेव्हा आपण चुकून दुसऱ्याच कोणाच्या तेराव्याला बसलो आहोत असं मला वाटत राहिलं. तो दूरदृष्टीचा होता. आधुनिक विचारांचा होता. आमच्या आळीत विजेची मोटर सर्वांत आधी त्याने बसवली. सगळं खरं. फक्त या दूरदृष्टीच्या, आधुनिक माणसाने एका कासवाच्या सुरक्षिततेसाठी कायकाय केलं आणि त्यातून ते कासव कसंबसं कसं वाचलं, हे कोणी काढलं नाही. दुःखाच्या प्रसंगी माणसं नेमकी महत्त्वाची गोष्ट विसरतात. म्हणून मी लिहिते आहे. सावकाश लिहिते आहे. “मास्तरीणबाई, झालं का तुमचं लिहून?” असं मागे उभं राहून विचारणारा आता नाही.

आमची वाडी वसईत, समुद्रापासून फार लांब नाही. पापडीकडून येणारा रस्ता जिथे वळतो तिथून आत आलं की केळी, पानवेली, मोगऱ्याचे ताटवे आणि मध्ये विहीर. विहिरीवर रहाट होता. बैल गोल फिरे, लाकडी चाक करकरे, माळेला बांधलेले लोखंडी डबे रिकामे खाली जात आणि भरून वर येत. वर आले की कलंडून पन्हळीत पाणी ओतत. तिथून ते पाटाने वाडीभर जाई. कासव या विहिरीत होतं. आमच्याकडे नव्या विहिरीला पाणी लागलं की त्यात कासव सोडायची रीत होती. पाण्यात पडलेलं काहीबाही ते खातं, पाणी स्वच्छ ठेवतं, पाण्याची राखण करतं, असं म्हणत. आजीने ते सोडलं होतं. आजी गेल्यावर तिच्याकडून आईकडे जे आलं त्यात एक पाटा-वरवंटा होता, काही भांडी होती आणि हे कासव होतं. आई त्यात सर्वांत जास्त काळजी कासवाची घेई, कारण ते घासावं लागत नव्हतं.

अधूनमधून कासव रहाटाच्या डब्यात बसून वर येई. पाण्याबरोबर पन्हळीत पडे, तिथून घसरत पाटात जाई आणि पाटाच्या कडेला उन्हात मान लांब करून बसे. ज्याला दिसे तो आईला हाक मारी. आई हातातलं काम संपवून, पदराला हात पुसून, कुंकवाचा करंडा घेऊन सावकाश येई. पाठीवर कुंकू लागे, कोणी नमस्कार करी, कोणी पोरांना दाखवायला बोलावी. हे सगळं आटोपलं की त्याला घमेल्यात घालून दोराने परत विहिरीत सोडायचं. हा प्रसंग आम्ही शुभ मानत असू. कासव त्याला काय मानत होतं ते आम्ही कधी विचारलं नाही.

दादा मुंबईला एका कचेरीत फायली हलवण्याचं काम करी. दिवसभर फायली हलवणाऱ्या माणसाला आपोआप हलणारी वस्तू फार आवडते, असं माझं निरीक्षण आहे. वाडीपर्यंत विजेची तार आली तेव्हापासून त्याला रहाट बघवेना. बैलाकडे तो कीव केल्यासारखा बघे. बैलही त्याच्याकडे साधारण तसाच बघे, पण त्याच्या मताला घरात किंमत नव्हती.

मोटर बसवायला आलेल्या फिटरने विहिरीत डोकावून विचारलं, “आत काही जनावर-बिनावर नाही ना?”

“कासव आहे,” दादा म्हणाला.

“काढा. खाली पाइपाला फूटव्हॉल्व्ह असतो. पाणी ओढून घ्यायचं तोंड. त्याला चिकटलं तर मोटर जळेल.”

“आणि कासव?” आईने विचारलं.

“कासवाची गॅरंटी कंपनी देत नाही, काकी.”

म्हणजे मुळात धोका कासवापासून मोटरला होता. पुढच्या सगळ्या गोंधळात ही गोष्ट आम्ही विसरलो, म्हणून इथे नोंदवून ठेवते.

रहाटाची माळ उपसायला घेतली तेव्हा शेवटच्या डब्यात कासव बसलेलं होतं. कोणी पकडायची गरज पडली नाही. दादा म्हणाला, “बघ आई, त्यालाही कळलंय.” आईने कुंकू आणलं नाही. ती विहिरीच्या काठावर बसली आणि तिने अट घातली. घरात आई आमच्या आळीच्या बोलीत बोले. दादा तिला उत्तर देताना पुस्तकी मराठीत देई, विशेषतः विषय विजेचा असला तर. ती बोली मी कागदावर नीट उतरवू शकत नाही, म्हणून अर्थ तेवढा लिहिते.

“हे विहिरीतलं आहे. विहिरीतच जाईल.”

“जाईल ना. मी खाली बंदोबस्त करतो, मग सोडू. तात्पुरतं घरात ठेवू.”

“तोवर याला काही झालं तर ही मोटर त्याच दिवशी निघेल.”

“निघेल,” दादा म्हणाला. मोटर चालू व्हायची होती आणि माणूस अशा वेळी कशालाही हो म्हणतो.

आई बोलली की बोलली. ती मोटर काढायला लावेल याबद्दल घरात कोणाला शंका नव्हती. आणि मोटर निघाली असती तर पाणी काढायला काही उरलं नव्हतं. बैल त्याच आठवड्यात चंदनसारच्या एका शेतकऱ्याकडे गेला होता, रहाटाचं चाक सरपणात निघालं होतं, आणि मोटरच्या भरवशावर दादाने मागच्या पडीक तुकड्यात राजेळी केळीची नवी लागवड केली होती. पिकलेली केळी उन्हात वाळवून त्यांची सुकेळी विकायचे त्याचे मोठे बेत होते. एका बाजूला ती सगळी केळी आणि दुसऱ्या बाजूला वीतभर लांबीचं एक कासव. घराचा कारभार तेव्हापासून कासवाची तब्येत पाहून चाले.

आधी त्याला आंघोळीच्या पितळी घंगाळात ठेवलं. ते तिथून निघालं आणि धान्याच्या कोठीमागे जाऊन बसलं. ते सापडेपर्यंत दादाच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्याच रविवारी तो क्रॉफर्ड मार्केटला गेला आणि मला बरोबर घेऊन गेला, कारण मी शिकलेली होते आणि दुकानदार शिकलेल्या माणसाला फसवत नाहीत अशी त्याची समजूत होती.

तिथे मासे विकणाऱ्यांच्या रांगेत एका दुकानात काचेच्या टाक्या होत्या. दुकानदाराने दादाकडे एकदा पाहिलं आणि त्याला समोर कोण उभं आहे ते कळलं.

“साहेब, ह्यात मासा मरणार नाय.”

“मासा नाही. कासव आहे.”

“मग तर टेन्शनच नाय. मासा नाजूक असतो.”

“कासव हवेत श्वास घेतं,” मी म्हटलं.

“म्हणून तर ताई, हा हवेचा पंप!”

दादाने माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. आम्ही परतलो तेव्हा आमच्याकडे लोखंडी चौकटीची काचेची टाकी होती, तिच्यावर बसणारं पत्र्याचं झाकण, झाकणात बल्ब, हवेचा पंप, रबरी नळी, पाणी गाळायची प्लॅस्टिकची डबी, पिशवीभर रंगीत खडे आणि प्लॅस्टिकचा एक पाणबुड्या. हवेचे बुडबुडे सोडले की तो वर जाई, मग खाली येई. तो कशासाठी, हे मी दादाला विचारलं. तो म्हणाला, “सोबत.”

टाकी ओटीवर ठेवली. आळीतली माणसं बघायला आली. वर्षानुवर्षं विहिरीत असलेल्या कासवाला बघायला कोणी आलं नव्हतं. काचेत गेल्याबरोबर त्याला प्रतिष्ठा आली. रोज मासळी घेऊन येणारी कोळीण पाटी उतरवून टाकीपुढे उभी राहिली.

“काय रं दादूस, रस्सा कराचा हाय का? पानी त भरलंस, आता मसाला कवा टाकतंस?”

“मावशी, हे पाळायचं आहे.”

“पालाचा हाय? आन् ही बत्ती कशाला? याला अभ्यास कराचा हाय?”

आई हसली. मोटर बसल्यापासून ती पहिल्यांदा हसली असावी. दादा मात्र त्या दिवशी कोळणीकडून बोंबील घेऊ नका म्हणाला.

कासवाने नव्या घरात सर्वांत आधी खडे खाल्ले. निळे खडे त्याला विशेष आवडले. ते यथावकाश बाहेर पडले आणि दादाने ते धुऊन, वाटीत घालून मला दाखवले. “सगळे आले,” तो म्हणाला. बापाने मुलाच्या दुधाच्या दातांबद्दल सांगावं तसा त्याचा आवाज होता. खडे काढून टाकले. मग कासवाने पाणबुड्याचा पाय खाल्ला. पाणबुड्या काढून टाकला. मग ते गाळणीच्या डबीवर चढून उभं राहू लागलं आणि डोक्याने झाकण ढकलू लागलं. झाकणाच्या आत बल्ब. बल्बाला पाण्याचे थेंब. थेंबांखाली उघडा होल्डर. हे सगळं मला दिसत होतं आणि मी ते बोललेही. दादाने झाकणावर पाटा-वरवंट्यातला वरवंटा ठेवला. आता झाकण हलत नव्हतं. आत बसायला कोरडी जागा नव्हती, चढायला बंदी होती आणि ऊन म्हणून तो बल्ब. कासव सुरक्षित झालं.

आईचीही यात मदत होती, ते लपवायला नको. ती टाकीला विहीर समजे. सकाळी पाण्यात कुंकू घाली, सणाला फूल वाही, जेवताना भाकरीचा तुकडा आणि सुकट सोडी. विहिरीत हे खपून गेलं असतं. टाकीत गाळणीच्या डबीतला नायलॉनचा कापूस लालभडक होऊन चोंदला आणि पाणी रश्श्यासारखं दिसू लागलं. कोळणीने त्यावर जे म्हटलं ते आमच्या शाळेत वाचतील म्हणून लिहीत नाही.

“आई, हे यंत्र आहे. यात कुंकू चालत नाही.”

“मग ज्यात कुंकू चालत नाही त्यात कासव का ठेवलंस?”

दादाकडे याला उत्तर होतं, पण ते पुस्तकी मराठीत होतं आणि ते संपेपर्यंत आई आत गेली होती.

एकदा दुपारी वीज गेली. आमच्याकडे वीज नवी होती आणि तिला जायची सवय मात्र जुनी असल्यासारखी होती. हवेचा पंप दादाने टाकीच्या खालच्या फळीवर ठेवला होता, रेडिओच्या शेजारी, म्हणजे सगळी यंत्रं एका जागी. पंप थांबला की हवा ढकलायला कोणी राहत नाही आणि टाकीतलं पाणी त्याच नळीने उलटं खाली येतं. हे दुकानदाराने सांगितलं नव्हतं. पाणी नळीतून पंपात आलं, पंपातून फळीवर, फळीवरून रेडिओत. मग वीज आली. आवाज झाला. धूर निघाला. दादा कचेरीतून परतला तेव्हा आईने त्याला पाणी दिलं, चहा दिला आणि सांगितलं, “कासव ठीक आहे.” तो घाबराघुबरा होऊन ओटीवर धावला. रेडिओ पाहून त्याच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली ती मी विसरणार नाही. रेडिओ गेला तरी मोटर राहणार होती.

त्यानंतर तो सुरक्षिततेच्या मागे लागला, असं म्हणायला हवं. पंप टाकीपेक्षा उंचावर खिळ्याला टांगला. टाकीतून निघणाऱ्या तारा आधी सरळ भिंतीवरच्या प्लगकडे जात आणि पाण्याचा थेंब तारेवरून चालत थेट प्लगमध्ये पोहोचे. त्या त्याने खाली लोंबत्या ठेवल्या, म्हणजे थेंब तारेच्या पोटाशी येऊन जमिनीवर गळेल. हे त्याचं त्याला सुचलं होतं आणि खरोखर शहाणपणाचं होतं. पाहुण्यांना तो कासव न दाखवता ती लोंबणारी तार दाखवी. पाहुणे मान डोलावत. तारेखाली आई रोज फडकं पसरी.

मग थंडी आली. वसईची थंडी म्हणजे काय ते वसईच्या माणसाला माहीत आहे. सकाळी अंगावर शाल घ्यावी आणि नऊ वाजता ती कुठे ठेवावी ते कळू नये. तेवढ्या थंडीत कासव सुस्त झालं. खाईना, हलेना. विहिरीत ते दर थंडीत असंच राहत असणार, पण विहिरीत आम्ही कधी त्याची हजेरी घेतली नव्हती. दादाने दोन्ही वेळा त्याच्या तोंडाशी सुकट धरून पाहिली. आईने एकदा टाकीकडे पाहिलं आणि एकदा विहिरीच्या दिशेने. बास. दादा दुसऱ्या दिवशी कचेरीतून परस्पर क्रॉफर्ड मार्केटला गेला आणि हीटर घेऊन आला.

हीटर म्हणजे काचेची एक नळी, आत वाळू, वाळूत तारेचं वेटोळं. तोंड रबरी बुचाने बंद. ती टाकीच्या कडेला अडकवून पाण्यात सोडायची. माशांसाठी ती ठीकच असेल. मासा तिच्याजवळून पोहत जातो. मासा तिला टेकून झोपत नाही. आमच्या कासवाला मात्र बऱ्याच दिवसांनी काहीतरी ऊबदार सापडलं होतं. ते नळीला पोट लावून बसलं. दादाला आनंद झाला. “आवडलं बघ त्याला.” दोन दिवसांनी त्याला उचललं तर पोटाकडच्या कवचावर पांढुरका डाग पडला होता आणि कडेची कातडी लाल झाली होती.

दादाने हीटर तिथून काढून दुसऱ्या कोपऱ्यात लावला. कासव दुसऱ्या कोपऱ्यात गेलं. एवढं करून त्याला काय झालं कोण जाणे, एका सकाळी त्याने कवचाने त्या नळीला धडक दिली आणि काच तडकली. टाकीत फारसं काही दिसलं नाही. पाणी पाण्यासारखंच होतं. आई नेहमीप्रमाणे कुंकवाचं बोट घेऊन आली, अनवाणी, सारवलेल्या ओल्या जमिनीवर उभी राहिली आणि पाण्यात बोट घातलं.

मी आत वर्गाच्या वह्या तपासत होते. आवाज ऐकून धावले. आई भिंतीला टेकून बसली होती. हात धरून बसली होती. करंडा लांब जाऊन पडला होता आणि कुंकू जमिनीवर सांडलं होतं. दादाने आधी प्लग ओढला. मग तो तिच्याजवळ बसला, तिचा हात चोळू लागला आणि तिने एक शब्दही न विचारता समजावू लागला. घाबरलेला दादा नेहमी समजावत असे.

“हीटर फुटला, म्हणून पाण्यात करंट आला. कासवाला काही झालं नाही, कारण ते पूर्ण पाण्यात आहे. तुझे पाय जमिनीवर होते म्हणून तुला बसला.”

“म्हणजे चूक माझ्या पायांची,” आई म्हणाली.

मग ती उठली. कासवाला टाकीतून बाहेर काढलं, उलटं करून त्याच्या पोटावरचा डाग पाहिला. तो डाग तिला कोणी दाखवला नव्हता. तिने दादाला सांगितलं, “फिटरला बोलाव.”

“आई, ते जिवंत आहे.”

“म्हणून तर. मेल्यावर बोलावून काय करू?”

दादा फिटरकडे गेला नाही आणि नाही म्हणालाही नाही. तो मागे केळीत जाऊन उभा राहिला. नवी लागवड हातभर वाढली होती. ती चार-पाच पाण्यांना मुकली असती तर उन्हाळा बघितलाच नसता. मी त्याच्याकडे गेले. वाटलं होतं, तो आईला काहीबाही बोलेल. तो म्हणाला, “तिला किती लागलं असेल?” केळीबद्दल बोलला नाही. तेराव्याला त्याच्याबद्दल कोणाला काही सांगायचंच होतं तर हे सांगता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्याने कचेरीला सुट्टी टाकली. टाकी रिकामी केली. पंप, गाळणी, झाकण, सगळं उतरवलं. रहाटाच्या डब्यांतला एक, पडवीत गंजत पडलेला, त्याने घासून आणला, त्यात थोडं पाणी घातलं, एका बाजूला वीट ठेवली आणि कासव त्यात ठेवून डबा अंगणात उन्हात नेला. आईने त्याच्या पोटाला हळद लावली. दादाने या वेळी हळदीबद्दल काही समजावलं नाही. कासव बराच वेळ डोकं आत घेऊन बसलं. मग विटेवर चढलं. मग मान बाहेर काढली, लांब केली, पाय मागे ताणले आणि डोळे मिटले.

आई उंबरठ्यावर उभी राहून बघत होती. “पाटाच्या कडेला असंच बसायचं,” ती म्हणाली.

दादा तिच्याकडे वळला. मला वाटतं तेव्हाच त्याच्या डोक्यात ते आलं. रहाट त्याला पाणी काढायचं यंत्र वाटत होता. त्याच रहाटाने कासवाला वर आणलं होतं, उन्हात बसवलं होतं, आणि आईच्या हातातलं काम संपेपर्यंत तिथे राहू दिलं होतं. हे सगळं कोणीही ठरवलेलं नव्हतं, म्हणून ते इतकी वर्षं नीट चाललं होतं.

रोज सकाळी डबा अंगणात, संध्याकाळी ओटीवर. फिटरचा विषय आईने पुन्हा काढला नाही, पण मागेही घेतला नाही. दादा कचेरीतून आला की चपला न काढता डब्यापाशी जाई. ज्या दिवशी कासवाने पुन्हा सुकट खाल्ली त्या दिवशी त्याने कोळणीकडून इतके बोंबील घेतले की दोन दिवस पुरले.

“दादूस, तुज्या कासवाला नवरी आणली का काय?” तिने विचारलं.

डाग भरून आला. पूर्ण गेला नाही. मग दादाने विहिरीतला बंदोबस्त केला, जो तो मोटर बसली त्या आठवड्यात करणार होता. रहाटाच्या दुसऱ्या एका डब्याला त्याने खिळ्याने सगळीकडून भोकं पाडली, चाळणीसारखा केला, आणि फूटव्हॉल्व्ह त्यात बंदिस्त करून वर तारा आवळल्या. आता पाणी आत जाणार होतं, कासवाचा पाय जाणार नव्हता. दुसरं म्हणजे एक फळी त्याने दोन दोरांनी पाण्यावर तरंगती सोडली, जिथे दुपारी ऊन उतरतं त्या बाजूला. फिटरने ते पाहून विचारलं, “साहेब, हे कशाला?” दादा म्हणाला, “मोटरच्या सुरक्षेसाठी.” फिटरला ते पटलं.

कासव घमेल्यातून विहिरीत गेलं. आईने कुंकू आणलं होतं. मोटर चालू करून पाहिली. ते फळीखाली गेलं, मग फळीवर आलं. आई बराच वेळ वाकून बघत होती. अट पाळली गेली होती, मोटर राहिली, केळी राहिली. पुढच्या वर्षी आम्ही सुकेळी केली आणि ती चांगली झाली. गोष्ट इथे संपली असती तर दादाबद्दल तेराव्याला जे बोललं गेलं ते सगळं खरं मानायला माझी हरकत नव्हती.

पण आमची मोटर चांगली चालते हे आळीने पाहिलं. दोन वर्षांत शेजारी मोटर आली, मग पलीकडे, मग सगळीकडे. रहाटाला बैलाच्या दमाची मर्यादा होती. मोटर दमत नसे. पुढे नालासोपाऱ्याच्या बाजूला इमारती उठू लागल्या आणि पाण्याचे टँकर आमच्याकडच्या विहिरींवर येऊ लागले. गोडं पाणी उपसलं की त्याची जागा रिकामी राहत नाही, समुद्र जवळच असतो. आधी पाणी मचूळ लागू लागलं. डाळ शिजेना. केळीच्या पानांच्या कडा करपू लागल्या. आई एका सकाळी चूळ भरून थुंकली आणि म्हणाली, “मी अट कासवाची घातली. पाण्याची घालायला हवी होती.”

दादा समोर बसला होता.

कासव अंगाला पांढरा थर घेऊन फळीवर बसून राहू लागलं, पाण्यात उतरेना. त्याला दुसऱ्यांदा वर काढावं लागलं. या वेळी काचेची टाकी कोणी सुचवली नाही. दादाने अंगणात सिमेंटचा हौद बांधला. एका बाजूने तळापर्यंत उतार, उताराच्या वरच्या टोकाला कोरडा कट्टा, अर्ध्या भागावर झावळ्यांची सावली, बाहेर जाता येऊ नये इतकी भिंत. विजेची एकही तार नाही. नळाचं पाणी हाताने भरायचं आणि हाताने काढायचं. आयुष्यभर आपोआप हलणाऱ्या वस्तूंच्या मागे लागलेल्या माणसाने ही एक गोष्ट अशी केली की जी कोणीतरी हलवल्याशिवाय हलत नव्हती. आई असेपर्यंत ते पाणी ती बघे. मग तो बघू लागला. शेवटी त्याला बादली उचलवेना, तेव्हाही तो कट्ट्यावर बसून मला सांगे, “हळू ओत. त्याच्या अंगावर नको.” मी इतक्या वर्षांत त्याच्या अंगावर कधी पाणी ओतलं नव्हतं.

विहीर खारी आहे. मोटर बंद आहे. काचेची टाकी पडवीत पालथी ठेवलेली आहे. कासव हौदात आहे, पोटावर डाग आहे. पाणी मी बदलते.